फ्रिजच्या भंगार कॉम्प्रेसरचा व्हॅक्यूम पंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात माझं मोटार रिवायंडिंगचं आणि झटका मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलाखाली सागाच्या फळीवर एक काळा गोळा बसवलेला आहे: भंगार फ्रिजचा कॉम्प्रेसर, तोच माझा व्हॅक्यूम पंप, म्हणजे भांड्यातली हवा ओढून काढणारा पंप. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बोट दाखवतो, मग स्वतःचं काम सांगतो. तेच तेच प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

भाऊ, फ्रिजचा कॉम्प्रेसर हवा ओढते तरी कसा?

फ्रिजमध्ये तो हेच करत असतो, फक्त हवेऐवजी गॅस ओढतो. काळ्या डब्याच्या आत मोटार असते, मोटारीवर क्रँक, क्रँकवर छोटासा पिस्टन. एका बाजूनं ओढायचं आणि दुसऱ्या बाजूनं दाबून बाहेर टाकायचं. ढकलणाऱ्या नळीला काही जोडलं तर तो हवेचा कॉम्प्रेसर झाला, ओढणाऱ्या नळीला भांडं जोडलं तर व्हॅक्यूम पंप.

याचं तुम्ही करता काय?

झटका मशीनची दुरुस्ती. आमच्याकडे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी जागल केल्याशिवाय पीक घरी येत नाही, त्यामुळे वावराच्या धुऱ्यावर झटक्याची तार आता सगळीकडे दिसते. मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं, आठ-दहा हजार व्होल्टचा. तो तयार करणारा ट्रान्सफॉर्मर इपॉक्सी रेझिनमध्ये बुडवून घट्ट केलेला असतो. पावसाळ्यात मशीन बंद पडून येतं तेव्हा बहुतेक वेळा हाच ट्रान्सफॉर्मर आतून गेलेला असतो.

नवा गुंडाळून त्यावर रेझिन ओतलं की झालं, असं मला सुरुवातीला वाटायचं. माझे पहिले तीन ट्रान्सफॉर्मर एकाच हंगामात परत आले. एक करवतीनं मधोमध कापून पाहिला. दुय्यम गुंडाळीच्या थरांमध्ये मोहरीएवढे बुडबुडे आणि प्रत्येक बुडबुड्याच्या कडेनं काळी बारीक रेघ. हवा एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्टलाच फुटते, रेझिन त्याच्या कितीतरी पट सहन करतं. म्हणजे ठिणगी पडते ती बुडबुड्यात, आणि तिथूनच ती रेझिनला हळूहळू पोखरत जाते. बुडबुडे काढायचे तर व्हॅक्यूम हवा, आणि तयार पंप घ्यायचा तर माझ्या खिशाला परवडणारा नव्हता.

आता रेझिन आणि हार्डनर कालवले की भांडं व्हॅक्यूमखाली ठेवतो. काचेतून पाहिलं तर दूध उतू जावं तसं रेझिन फसफसून वर येतं, मूळच्या तिप्पट-चौपट. म्हणून भांडं कायम पाऊणभाग रिकामं ठेवा. उतू जायला लागलं की व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा आत घ्यायची, फेस बसला की पुन्हा ओढायचं. तीन-चार वेळा असं केलं की फेस एकदम कोसळतो आणि मग एखाददुसराच बुडबुडा वर येत राहतो. तेव्हा ते ट्रान्सफॉर्मरवर ओतायचं आणि ट्रान्सफॉर्मरसकट पुन्हा एकदा ओढायचं.

उन्हाळ्यात मात्र हे काम पहाटे पाचला. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट व्हायचा वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल, तर मेमधल्या दुपारी टिनाच्या शेडखाली आठ मिनिटंसुद्धा हाती लागत नाहीत. कपातच दगड होतो, वर धूर.

किती व्हॅक्यूम भेटते? गेजवर पूर्ण ३० दाखवते का?

नाही, आणि विदर्भात कोणत्याच पंपानं दाखवणार नाही. गेज म्हणजे किती हवा ओढली ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा काटा. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर म्हणजे २९.९ इंच असतो. आपण तीनशे मीटरच्या आसपास उंचावर आहोत, इथं मुळात हवाच पावणेएकोणतीस इंचांची. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरवर, २६ इंचांच्या जरा वर गेलं की खेळ संपला. तेव्हा काटा २९ वर गेला तर खूश होऊ नका, गेज बिघडलंय.

माझा पंप तेल गरम झाल्यावर साडेसव्वीसपर्यंत जातो. पिस्टन वरच्या टोकाला गेला तरी व्हॉल्व्हखाली थोडी जागा उरतेच. त्या जागेतली दाबलेली हवा परतीच्या फेरीत पुन्हा फुगते आणि एका मर्यादेनंतर पिस्टन नवी हवा ओढतच नाही, तीच हवा फुगवत-दाबत बसतो.

साडेसव्वीस म्हणजे आत अजून पाऱ्याच्या ५८ मिलिमीटरच्या आसपास दाब शिल्लक. एवढ्या दाबाला पाणी ४१ अंशांना उकळतं. मे महिन्यात माझ्या शेडमध्ये दुपारी यापेक्षा जास्त तापमान असतं. तेव्हा ओलं लाकूड आत ठेवून पंप लावलात तर चुलीशिवाय पाणी उकळताना दिसेल. पोरांना दाखवायला छान, पंपाला वाईट. ती सगळी वाफ तेलात जाते.

भंगारातून कोणता उचलायचा?

जुना, जड, साध्या डायरेक्ट कूल फ्रिजचा, १६५ ते २०० लिटरवाला. इन्व्हर्टर फ्रिजचा नको. तो स्वतःच्या बोर्डाशिवाय फिरत नाही आणि थेट २३० व्होल्ट दिले तर जळतो. ओळख सोपी: इन्व्हर्टरवाल्याच्या तिन्ही पिनांमध्ये मल्टिमीटर सारखाच ओहम दाखवतो.

साध्या कॉम्प्रेसरमध्ये तीन आकडे वेगळे येतात आणि दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी भरते. माझ्या पंपाचे १४, २२ आणि ३६ आहेत. ज्या दोन पिनांत सगळ्यात मोठा आकडा, त्या रनिंग आणि स्टार्टिंग, उरलेली कॉमन. कॉमनपासून कमी ओहमची रनिंग, जास्त ओहमची स्टार्टिंग. नंतर डब्याचा थोडा रंग खरवडून प्रत्येक पिन आणि डबा यांच्यात तपासा. तिथं काहीही दाखवायला नको. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर उत्तम, नसेल तर सिरीज बल्ब, म्हणजे लाईटच्या वायरीत मध्ये जोडलेला बल्ब. बल्ब अंधुकसुद्धा पेटला तर ठेवून द्या.

नळीला नाकही लावून पाहा. आंबट, जळका वास आला तर आतली वायरिंग जळलेली आहे. तेल बोटाला लागलं तर धुवून टाका, त्यात आम्ल असतं.

आणि आणताना उभाच आणा. माझा पहिला कॉम्प्रेसर मी गाडीच्या मागे आडवा बांधून पुलगावहून आणला आणि पोचल्या पोचल्या चालू केला. एकदा "ठक्" वाजलं, मग नुसतीच गुणगुण. आडवं पडल्यामुळे तेल सिलिंडरमध्ये शिरलं होतं. तेल हवेसारखं दबत नाही, व्हॉल्व्हची पातळ पत्तीच गेली. आता कोणताही आणला की रात्रभर उभा ठेवतो.

फ्रिजमध्ये गॅस असेल तर? हॅकसॉनं कापला तर चालते?

या प्रश्नाला मी जरा रागानंच उत्तर देतो. डब्यावरचा किंवा फ्रिजच्या मागचा स्टिकर वाचा. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे घरच्या सिलिंडरच्या गॅसचा भाऊच. फ्रिजमध्ये तो थोडा, पन्नास-साठ ग्रॅमच्या आत असतो, पण हवेपेक्षा जड असल्यानं खोलीत खाली साचतो. बंद खोलीत ब्रेझिंगची ज्योत लावून नळी सोडवायला गेलात तर तेवढाही पुरे.

आर-१२ किंवा आर-१३४ए पेटत नाही. म्हणून लोक बिनधास्त ज्योत लावतात, आणि ज्योतीत त्याचे विषारी वायू होतात. हवेत सोडून देणंही बरोबर नाही. आर-१२ ओझोन खातो, त्याचा वापर भारतात २०१० पर्यंत बंद झाला. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेपट जोर लावतो. फ्रिज मेकॅनिककडे गॅस काढून घेण्याचं मशीन असेल तर त्याच्याकडून काढून घ्या. भंगारातल्या बहुतेक डब्यांच्या नळ्या आधीच तोडलेल्या असतात, तिथं हा प्रश्नच उरत नाही.

कापायचं ते उघड्यावर, ट्यूब कटरनं. हॅकसॉनं तांब्याचा कीस नळीत पडतो आणि तो थेट पिस्टनपर्यंत पोचतो.

तीन नळ्या आहेत. कोणती कोणती?

एक ओढणारी, एक ढकलणारी, तिसरी गॅस भरायची. ओढणारी आणि गॅस भरायची या दोन्ही डब्याच्या पोटातच उघडतात, म्हणून दोघीही ओढतात. दोन सेकंद चालू करून बोट लावलं की कळतं. एक ओढणारी वापरा, दुसरी पक्कडीनं चेपून डाग द्या. ढकलणारीवर बोट दाबून धरू नका आणि तिला कधीही बूच मारू नका. ती बंद केली तर दाब इतका चढतो की पाइप उडतो किंवा मोटार अडकते.

तेल कोणतं, किती, कधी बदलायचं?

डबा उलटा करून ओढणाऱ्या नळीतून सगळं तेल मापाच्या भांड्यात काढा. छोट्या कॉम्प्रेसरमधून साधारण २०० ते ३५० मिली निघतं. जेवढं निघालं तेवढंच नवं भरा. मी व्हॅक्यूम पंपाचं मिनरल तेल वापरतो. आर-१३४ए वाल्या डब्यात आधीपासून जे कृत्रिम तेल असतं ते हवेतला ओलावा मिठासारखं ओढून घेतं. फ्रिजच्या बंद नळ्यांत ते ठीक, आपल्याकडे जुलैची हवा आत येणार, म्हणून ते पूर्ण काढून टाका.

इंजिन ऑइल घालू नका. त्यातल्या साफ करणाऱ्या रसायनांनी फेस येतो, आणि मोटारीची वायरिंग त्याच तेलाच्या फवाऱ्यात असते.

ढकलणाऱ्या नळीतून तेलाचं धुकं येत राहतं. तिथून एक नळी जुन्या काचेच्या बरणीत सोडा, बरणीच्या झाकणाला दुसरं मोकळं भोक ठेवा. महिन्याभरात बरणीत जेवढं तेल साचेल तेवढंच डब्यातून कमी झालेलं असतं. तेल ताकासारखं पांढुरकं झालं तर पाणी गेलंय, लगेच बदला.

चालू केला की नुसता गुणगुणते आन् 'टक्' करून बंद पडते.

दहातल्या नऊ वेळा व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी लाईट १७० वर येते, तेव्हा हा उठत नाही. ज्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच फ्रिजचा स्टॅबिलायझरही भंगारवाल्याकडे पडलेला असतो, तोही उचला.

दुसरं कारण घाई. लाईट गेली आणि अर्ध्या मिनिटात परत आली तर स्टार्टिंगचा पीटीसी रिले अजून गरम असतो, त्यामुळे तो स्टार्टिंग वायरिंगला करंट देत नाही. मोटार फिरत नाही, तापते आणि ओव्हरलोड (मोटार तापली की लाईट तोडणारा छोटा स्विच) 'टक्' करतो. पाच मिनिटं थांबा. जुन्या गुंडाळीवाल्या रिलेचं वेगळंच नखरं: तो उभा, बाणाच्या दिशेनंच बसवावा लागतो, आडवा लावला तर कधी सुटतच नाही.

ओव्हरलोड काढून थेट जोडणारे महाभाग मी पाहिलेत. असं करू नका. अर्थिंगची वायर डब्याच्या पायाला बोल्टनं पक्की करा आणि मागे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असू द्या.

किती वेळ चालवता येते?

मी वीस मिनिटं चालवतो, तेवढीच विश्रांती. फ्रिजमध्ये परत येणारा थंड गॅस मोटारीला गार करतो. आपण तर तिच्याभोवतीची हवाच काढून घेतोय. डब्यावर तळहात ठेवून तीन मोजेपर्यंत टिकला नाही तर बंद करा. एक टेबल फॅन समोर लावला की फरक पडतो.

भांडं कशाचं घ्यायचं? घरचा कुकर चालेल?

कुकरचं बूड चालतं, झाकणाचं सांगता येत नाही. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं, ते वाफेच्या दाबानं वर दाबलं जाऊन घट्ट होतं. व्हॅक्यूममध्ये दाब उलटा, बाहेरून आत. झाकण आत ढकललं जातं आणि गॅस्केट सुटते. मी बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या जाड कुकरचं नुसतं बूड घेतलं, काठ काचपेपरवर घासून सपाट केला, त्यावर तीन मिलिमीटरची सिलिकॉन शीट आणि वर १८ मिलिमीटर जाड ॲक्रिलिक. १२ पेक्षा पातळ नको. साधी खिडकीची काच तर अजिबात नको.

हिशेब करून बघा. तोंड २४ सेंटिमीटरचं, म्हणजे साडेचारशे चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास ९०० ग्रॅम. म्हणजे झाकणावर चार क्विंटल कापूस रचल्यासारखं. ॲक्रिलिकला थिनर लागू देऊ नका, केसासारख्या भेगा पडतात. भेग दिसली की झाकण बाद.

भांडं आणि पंप यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह हवाच. पंप बंद झाला की हवा पंपातून मागे येते आणि सोबत तेलाचं धुकं तुमच्या रेझिनवर. आधी व्हॉल्व्ह, मग स्विच. लाईट गेली तर धावत जायची सवय लागतेच, नाहीतर सरळ एनआरव्ही (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावा.

भांडं आणि पंप यांच्यामध्ये ट्रॅप, म्हणजे पंपाकडे जाणारं पाणी-रेझिन अडवणारं छोटं भांडं, असतं. त्याला मी एकदा पाण्याची प्लास्टिक बाटली लावली होती. पंधरा सेकंदांत तिचा चुरगळलेला कागद झाला. पाइपाचंही तसंच: गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप हिवाळ्यात टिकतो, एप्रिलपासून मऊ होऊन आतून चिकटतो. स्वयंपाकाच्या गॅसचा तार गुंफलेला जाड पाइप मला बरा वाटला.

एसीचा कॉम्प्रेसर लावला तर?

जास्त जोरात ओढेल. रोटरी असेल तर त्याचा डबा उलट, ढकलणाऱ्या बाजूला असतो, म्हणून व्हॅक्यूम थेट सिलिंडरला मिळतो आणि चांगला मिळतो. पण तेल पिचकारीसारखं बाहेर येतं, करंट पाच-सात अँपिअर, वर कपॅसिटर वेगळा. त्या कपॅसिटरला हात लावण्याआधी रेझिस्टन्स लावून तो रिकामा करा. खेड्यातल्या लाईटवर मला फ्रिजवालाच परवडतो.

दोन कॉम्प्रेसर एकापुढं एक जोडले तर?

पहिल्याची ढकलणारी दुसऱ्याच्या ओढणारीला. व्हॅक्यूम सुधारतो. मात्र त्यापुढे जाऊन खरा खोल व्हॅक्यूम पंप जोडून हे डबे आतून निर्वात करत चालवू नका. विरळ हवेत पिनांमध्ये ठिणगी सहज उडते.

विहिरीवरच्या मोनोब्लॉकमध्ये पाणी भरायले कामी येते का?

येते, आणि माझ्या मते शेतकऱ्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग इथंच आहे. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा व्हॉल्व्ह) गळतो, रोज सकाळी बादली-बादली पाणी ओता, हे कोणाला सांगायला नको. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा, पंपाच्या वरच्या भोकात बॉल व्हॉल्व्ह बसवा, तिथून जाड पाइप स्टीलच्या ट्रॅपमध्ये आणि ट्रॅपमधून कॉम्प्रेसरला. हवा निघत गेली की विहिरीतलं पाणी आपोआप वर चढतं. अडीच इंची, सात मीटर पाइपात बावीस लिटरच्या आसपास हवा असते, तीन-चार मिनिटांचं काम. ट्रॅपमध्ये पाण्याची धार पडली की व्हॉल्व्ह बंद, मोनोब्लॉक चालू. ट्रॅप भरू दिला तर कॉम्प्रेसर गेला समजा.

पाणी सहा मीटर खाली असेल तर गेजवर साडेसतरा इंच लागतात. काटा दहा-बाराच्या पुढं जात नसेल तर कुठंतरी हवा घेतंय, बहुधा ग्लँडमधून (पंपाचा दांडा बाहेर येतो तिथलं पॅकिंग). उन्हाळ्यात पाणी बारा मीटरवर गेलं असेल तर विसरा. आपल्या उंचीवर हवेचा दाब जेमतेम दहा मीटर पाणी उचलतो, तेही कागदावर.

गाईचं दूध काढायची मशीन बनवता येईल?

नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर कागदावर मिनिटाला सतरा लिटर हवा ओढतो. दूध काढायच्या मशीनला त्याच्या कित्येकपट हवा, तीही स्थिर दाबाला, आणि वर सडांना आळीपाळीनं मोकळं करणारा पल्सेटर. नुसता ओढत राहणारा पंप लावला तर कासदाह ठरलेला.

रिवायंडिंगचं व्हार्निश आत मुरवायला?

माझा धंदाच तो, म्हणून करून पाहिलंय. थिनरवालं व्हार्निश व्हॅक्यूममध्ये टाकलं की थिनरच उकळतो, वाफ तेलात जाऊन तेल पातळ होतं आणि उरलेली बाहेरच्या नळीतून दुकानात, जिथं ती पेटू शकते. सोडून दिलं. मोनोब्लॉकच्या स्टेटरला मी अजूनही गरम करून व्हार्निशमध्ये बुडवतो. आत पाणी भरलेल्या सबमर्सिबलला तर व्हार्निश लागतच नाही.

फ्रिजमध्ये नवा गॅस भरायच्या आधी यानंच व्हॅक्यूम मारतात ना?

मारतात, पण ते काम अर्धवट राहतं. नळ्यांतला ओलावा नीट जायला दाब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो, आपण पन्नास-साठवर अडकतो. कडक उन्हाळ्यात थोडं पाणी निघून जातं, जानेवारीत काहीच निघत नाही आणि पुढं कॅपिलरीत (फ्रिजची केसासारखी बारीक नळी) बर्फ धरतो.

टायरमध्ये हवा भरायले?

त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तपासलेली टाकी लागते. स्वयंपाकाच्या जुन्या सिलिंडरची टाकी करायचा विचार असेल तर माझ्या दुकानात बोलूही नका.

कॉम्प्रेसर काढल्यावर फ्रिजच्या खोक्याचं काय करता?

डिसेंबरात इथं पहाट आठ-दहा अंशांची असते आणि रेझिन दोन-दोन दिवस चिकट राहतं. खोक्यात तळाला ६० वॅटचा पिवळा बल्ब, त्यावर पत्र्याचा आडोसा, वरच्या जाळीवर ट्रान्सफॉर्मर आणि एक थर्मोस्टॅट. रात्रभर पस्तीस अंश राहतात. दाराची चुंबकवाली गॅस्केट मात्र पहिल्याच दिवशी उपटून काढली. दुकानात शेजारची पोरं लपाछपी खेळतात, आणि जुन्या फ्रिजचं दार लहान पोराला आतून उघडता येईलच असं नाही.